ढोलीतली ओल

फार फार पूर्वी एका जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं मोठं घर होतं. एका पावसाळ्यात सलग सतरा दिवस झड लागली आणि पोळ्याच्या कडेला पांढरी बुरशी दिसू लागली. घाबरून जी ती आपापल्या कप्प्यावर पंख हलवू लागली. पण इथली ओल उडून शेजारणीच्या कप्प्यावर बसे, आणि भांडणं जुंपत.

शेवटी सोनकी नावाची माशी ढोलीच्या तोंडाशी गेली आणि बाहेरच्या दिशेनं वारा घालू लागली.

"आपला कप्पा टाकून दारात काय करतेस गं?" शेजारीण भारंगी ओरडली.

"घरातली ओल घराबाहेर घालवतेय. येतेस जोडीला?"

भारंगी कुरकुरत आली. मग दहा आल्या, मग शंभर. सगळ्यांचे पंख एकाच दिशेनं चालले, तशी कोंदट हवा बाहेर पडू लागली. तिसऱ्या दिवशी बुरशी सुकली, ती माश्यांनी खरवडून टाकली.

उघडीप झाल्यावर पलीकडच्या पोळ्यातली माशी आली. "आमचा मध आंबला बाई. तुमचा कसा टिकला?"

सोनकी काही बोलायच्या आत भारंगीच पुढे झाली. "आम्ही सगळ्या दारात उभ्या होतो!"

ते 'आम्ही' ऐकून सोनकीचे दुखरे पंख ऐटीत ताठ झाले.