देवाच्या रानातला हरभरा

"देवाच्या रानात हरभरा? कुणाला विचारून?"

शिष्य चन्नवीर उभ्यानंच बोलत होता. त्या मठात गुरूपुढं उभ्यानं कोणी बोलत नसे.

रेवणअप्पा पेरणीची पाभर नीट करत बसले होते. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातला हा जुना मठ. मागं देवाचं शेत, आणि त्यात दर साली शाळूची ज्वारी. चैत्रातल्या जत्रेला सारी पंचक्रोशी त्याच ज्वारीची भाकरी खाऊन उठे.

"कुणालाच नाही," अप्पा म्हणाले.

"पिढ्यान्‌पिढ्या इथं शाळूच आहे!"

"म्हणूनच."

कणसं सालोसाल बारीक होत चालली होती. ताटं कोवळेपणीच पिवळी पडत. चन्नवीर म्हणे, पाऊस कमी. गाव म्हणे, देवाचा कोप. अप्पा काही म्हणत नसत. त्या साली त्यांनी फक्त बियाणं बदललं.

जत्रेचे मानकरी मठात आले. म्होरके सिदगोंडा पाटील.

"अप्पा, जत्रेला भाकरी कशाची घालणार?"

"मागून आणीन."

"मठाचे स्वामी झोळी घेऊन फिरणार? आमच्या दारात?"

"पहिलं तुमचंच दार."

सिदगोंडा पाणीसुद्धा न घेता उठले.

चन्नवीर त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला. मठाचा पुढचा अधिकार त्याचाच, असं गाव धरून चाललं होतं. तोही.

"मी पेरायला येणार नाही," तो म्हणाला.

"बरं."

अप्पांनी बैल जुंपले. पाभर त्यांनीच धरली, बियाण्याची मूठही त्यांनीच सोडली.

पौषात हरभरा फुलावर आला. एका सकाळी चन्नवीर रानात शिरला. एक झाड मुळासकट उपटलं आणि तसंच अप्पांसमोर आणून टाकलं. पानांवरच्या आंबट आंबीनं त्याचे हात चुरचुरत होते.

"बघा! मुळांना गाठी आल्यात. रोग आहे. देवानं कौल दिला."

अप्पांनी झाड उचललं. माती झटकली. एक गाठ नखानं फोडली आणि बोट त्याच्यापुढं धरलं.

नख तांबूस झालं होतं.

"रोग असा असतो?"

चन्नवीर वाकून नख बघू लागला.

"जमिनीला जे लागतं, ते ही गाठ हवेतून ओढून घेते."

"हवेतून? मग शाळूला का नाही ओढता येत? हवा तर त्यालाही आहे!"

"आहे की. तुझ्यापुढंही मी रोज बसतो…"

चन्नवीरचा चेहरा उतरला. पण मान खाली गेली नाही.

काढणीला बायका आल्या. सवयीनं झाडं उपटायला वाकल्या, तसे अप्पा आडवे आले.

"उपटायचं नाही. विळ्यानं कापा. मुळं रानातच राहू द्या."

बायका हसल्या. हरभरा कोणी कापतं का? पण विळे आणले.

चैत्र लागला. अप्पांनी झोळी खांद्याला लावली आणि थेट सिदगोंडांच्या दारात उभे राहिले. दार उघडलं नाही. ते पुढच्या दारी गेले. मग त्याच्या पुढच्या. मागं पावलं वाजली म्हणून त्यांनी वळून पाहिलं.

चन्नवीर होता. तोंड फुगलेलं, पण खांद्याला झोळी.

"पटलेलं नाही मला," तो म्हणाला.

"झोळी नीट धर. सांडेल."

त्या जत्रेला भाकरी चतकोरच मिळाली. कुरकुर पुष्कळ झाली. उपाशी कोणी गेलं नाही.

पुढच्या साली देवाच्या रानात पुन्हा शाळू आला. पाऊस जेमतेमच होता. तरी पानं काळीभोर हिरवी राहिली, आणि कणीस मुठीत मावेना.

सिदगोंडा बांधावर आले. बराच वेळ बघत राहिले. मग हात जोडले.

"अप्पा, रान जागं झालं. आता शाळू मोडू नका."

अप्पांनी तोंड उघडण्याआधीच चन्नवीर पुढं झाला. डोळे पेटलेले.

"मोडणार! पुढच्या साली हरभरा. आणि ऐका पाटील, इथून पुढं या रानात हरभराच. कायमचा! गाव आडवं आलं तरी मी हटणार नाही."

त्यानं अप्पांकडं पाहिलं. ते पाठीवर हात ठेवतील, असं त्याला वाटलं होतं.

अप्पा वाकले. ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं…

"पुढच्या साली करडई," ते म्हणाले.

सिदगोंडांना हसू आवरेना. चन्नवीर लालबुंद झाला.

"तुम्ही कुणाचंच ऐकत नाही! गावाचं नाही, माझं नाही. आता स्वतःचंही नाही! मग या रानाचं खरं पीक तरी कोणतं?"

अप्पांनी हाताची माती खाली सोडली.

"जे काल नव्हतं, ते."