सुतारपक्ष्याची दुसरी ढोली

माणसांनी अजून दाराला कडी लावली नव्हती, त्या काळची गोष्ट. एका पांगाऱ्यावर सुतारपक्ष्याच्या शेजारी-शेजारी दोन ढोल्या होत्या, मधे एकच भिंत. एकीत तो राहायचा, दुसरी भाड्याने द्यायचा.

आधीच्या भाडेकरूने, पोपटाने, दाराची कड पार कुरतडून ठेवली होती. तेव्हापासून सुतारपक्ष्याच्या जिवाला घोर लागला होता. आताची साळुंकी सज्जन होती, पण सज्जन तर पोपटही दिसायचा!

म्हणून तो रोज सकाळी तिच्या ढोलीत शिरायचा आणि मधल्या भिंतीवर चोच मारून आवाज ऐकायचा. भिंत धड आहे ना? टक टक. कालही असाच आवाज होता ना? टक टक टक. पिल्लं दचकून आईच्या पंखाखाली शिरायची.

"भाऊ, काही मोडलं तर मीच सांगेन की," साळुंकी म्हणायची.

"मोडल्यावर सांगून काय उपयोग, बाई?"

एके दिवशी तो आपल्या ढोलीत बसला होता. मधल्या भिंतीतून एक इवलासा डोळा त्याच्याकडे बघत होता. साळुंकीच्या पिल्लाचा!

"भोक! शेवटी पाडलंतच ना? उद्याच्या उद्या ढोली रिकामी करा!" तो ओरडला.

पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. तरी साळुंकी शांतपणे म्हणाली, "करते. आधी त्यात तुमची चोच घालून बघा."

त्याने घातली. अगदी नेमकी बसली.

आणि बाहेर काढताना भोक वाढेल की काय, या धास्तीने तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.