इसाजी तेल्याचा दिवा

निवांतनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा खाडीकाठच्या नांदखार गावी होता. तिथे बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, मोजकी घरे. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाण्याला हात लावायचा नाही, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांच्या लहानशा प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथांच्या कपाटापुढे एक दिवा अखंड तेवत असे. तो राखायचे काम म्हाताऱ्या इसाजीचे. पणजोबांपासून तेवणारा दिवा आपल्या हातून विझू नये, एवढेच त्याचे देवाकडे मागणे.

गावचे खोत तात्यासाहेब मात्र त्याची टर उडवत. "ज्याचा देवच दर शनिवारी सुट्टीवर, त्याचा दिवा कोण रे राखणार?" इसाजी हसून मान खाली घाली, पण ते बोलणे त्याला लागायचे.

एकदा बैल आजारी पडला, घाणा थांबला. शुक्रवारी दिव्यापुरते तेल तेवढे उरले. दिवस मावळला की शब्बाथ, त्यांचा शनिवारचा पवित्र विसावा, सुरू; मग दिव्यात तेल घालणेही वर्ज्य. इसाजी घाईने भांडे घेऊन निघाला, तोच खोतांच्या देवळातला गुरव धापा टाकत आला.

"इसाजी, तेलाचा बुधला फुटला रे! नंदादीप विझतोय. खोत मला जिता सोडायचे नाहीत!"

इसाजी जागीच खिळला. पारावर महाराज बसले होते. "महाराज, काय करू मी?"

"मनाला विचार," महाराज म्हणाले.

"देवापुढचा दिवा आहे. विझू कसा देऊ?" असे म्हणत त्याने भांडे गुरवाच्या हाती दिले, आणि घरी जाऊन ढसाढसा रडला. केवढे ते मन!

शनिवारी सकाळी प्रार्थनामंदिराचे दार ढकलायला त्याचा हात धजेना. इसाजीकडे तेल नाही, एवढेच कानी आलेले तात्यासाहेब मजा बघायला हजर होते. "उघड की!"

दार उघडले. दिवा लखलखत होता!

"चोरून तेल घातलंस! कुठे गेला तुझा शनिवार?" तात्यासाहेबांनी दिव्याच्या पेल्यात बोट घातले. पेला कोरडा ठणठणीत. आत थेंबही नव्हता, आणि वात जळत होती!

उंबऱ्याशी उभे असलेले महाराज म्हणाले, "तात्यासाहेब, याच्या वाटणीचं तेल काल तुमच्या नंदादीपात गेलं. गुरवाला विचारा. तेल तिकडे जळतंय, उजेड इकडे पडलाय."

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. दिव्यापुढे ठेवायला त्यांनी पगडी काढली, तसा इसाजी लगबगीने पुढे झाला.

"राहू द्या, खोतसाहेब. आमच्यात देवापुढं डोकं झाकूनच नमायचं असतं."

तात्यासाहेबांनी पगडी पुन्हा चढवली. आणि जन्मात कुणापुढे न लवलेली ती पगडी आधी दिव्यापुढे लवली, मग इसाजीपुढे.