बिनचुलीचा मेवा

कोळथरवण्याला डोंगरजाईच्या देवळासमोर काळ्या दगडाची एक लांबरुंद डोण आहे. एरवी तिच्यात गुरांसाठी पाणी असतं. चैत्र सरताना एके दिवशी मात्र गाव ती घासून लख्ख करतं आणि तिच्यात फळांचा नि काजूगरांचा मेवा कालवतं. त्या दिवशी गावात एकही चूल पेटत नाही. का, असं विचारलं की जाणती माणसं आवडीची हकिकत सांगतात.

आवडीला नवरा नव्हता, एकुलती एक लेक होती शेवंती. तिच्या लग्नाचा दिवस. चुलाणावर भात रटरटत होता आणि डोंगरावरून आरोळी आली, "वणवा! वणवा उतरतोय!" वारा असा पिसाट, की ठिणग्या माळापर्यंत उडत होत्या; आणि घरं सगळी गवतानं शाकारलेली. गावचे मुख्य मानकरी गावकर, त्यांनी फर्मावलं, चुली विझवा. आवडीनं आपल्या हातानं चुलाणावर पाणी ओतलं. पुरुषमंडळी हंडे-घागरी घेऊन डोंगराकडे धावली. आणि नेमकी तेव्हाच खाडीवरून वाजंत्री ऐकू आली. वऱ्हाड होड्यांतून उतरत होतं!

वऱ्हाड उपाशी परतलं तर लेकीचं काय? आवडीनं देवळात धाव घेऊन देवीपुढे पदर पसरला. "आई, वणवा तुझ्या देवळापाशी थोपव. दरसाल या दिवशी मी चूल पेटवणार नाही, आणि आल्यागेल्याला उपाशी धाडणार नाही."

मग ती पायरीवरूनच ओरडली, "बायांनो, घरात असेल ते फळ आणा! सोला, चिरा, हात चालवा!"

एकच धांदल उडाली. कुणी केळीचा घड आणला, कुणी कापा फणस फोडला, पोरींनी ओटीभर करवंदं आणली. ओले काजूगर सोलताना चिकानं बोटं काळी पडली. मोठी भांडी तर डोंगरावर गेलेली. म्हणून डोण धुतली आणि तिच्यातच सगळं गूळ-खोबरं घालून कालवलं.

नवरदेवाचे वडील धोंडजी मांडवात थबकले. "विहीणबाई, लग्नघरी धूर नाही?"

"व्याहीबुवा, डोंगराला वणवा लागलाय, पुरुष सगळे वर गेलेत. आज इथं चूल पेटली तर गाव पेटेल. आहे ते गोड मानून घ्या."

धोंडजींनी पहिला घास घेतला. त्यांनी पान पुढे केलं, "वाढा आणखी!" पोटभर जेवले, उठले, मुंडासं आवळलं आणि गरजले, "पोरांनो, ओल्या पानांचे टाळे तोडा! आपले सोयरे वर एकटे झुंजतायत!" नवरदेवही बाशिंग उतरवून धावला. सगळे मिळून आग झोडपू लागले, आणि वारा फिरला, म्हणे. देवळाच्या मागच्या दगडी गडग्याशी येऊन वणवा विझला. तिन्हीसांजेला शेवंतीनं हार घातला तो काजळीनं माखलेल्या नवऱ्याच्या गळ्यात.

आवडीचा नवस पुढे गावानं उचलला. वरची वाडी मेव्यात कैरी किसून घालते, खालची वाडी नारळाचा रस. खरा कुठला, यावर दरसाल हमरीतुमरी होते. आजही वर्षभरात लग्न होऊन आलेली सून आपल्या माहेरचं एक फळ डोणीत घालते. गेल्या साली नागपूरकडच्या सुनेनं संत्री सोलून टाकली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, चाखून पाहिलं, आणि सगळ्यांआधी डोणीचा तळ त्यांनीच खरवडला.