नववी वस्तू

"आन् डोंगरावर काय पांघरशीन?" भन्ते ज्ञानकेतूंनी विचारलं.

"हेच," उपसेन म्हणाला.

चटईवर त्याचं सगळं सामान मांडलेलं होतं. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुईदोरा, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. भिक्खूच्या आठ वस्तू. नववी नाही.

मे महिना होता. भंडाऱ्याजवळच्या त्या विहाराचे पत्रे तापले होते. चार दिवसांनी उपसेन तीन महिन्यांच्या साधनेसाठी लंकेला निघायचा होता. सहा वर्षं त्याने याची वाट पाहिली होती. तिकीट आलं, व्हिसा आला. राहिली होती फक्त शिफारसपत्रावर गुरूंची सही. तिच्याशिवाय तिकडचा विहार कोणाला दारात उभं करत नाही.

भन्तेंनी तिकडून आलेलं पत्र पुन्हा चष्म्याजवळ धरलं.

"किनाऱ्यावर घामाच्या धारा. मधल्या रानात पाऊस आन् जळवा. वर चहाच्या मळ्यात हुडहुडी. छत्री आणा म्हणतात, लांब मोजे आणा म्हणतात. लोकरीचं काहीतरी आणाच, असं खाली रेघ मारून लिहिलं हाये."

"ते प्रवाशांसाठी, भन्तेजी."

"आन् तू कोण?"

उपसेन हसला. हसू नम्र होतं, म्हणजे तसं दिसावं याची काळजी त्याने घेतली होती. प्राध्यापकी सोडून चीवर घेतलेला माणूस. त्याचा त्याग मैलभरावरून दिसायचा.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "एक धागाही जास्त नेणार नाही. गेल्या पौषात डोंगरातल्या शिबिरात दहा दिवस एका चीवरावर काढलेच की. लोकांनी रजई आणली, मी परत पाठवली."

"माहीत हाये."

"दुसऱ्या दिवसापासून तर लोकही शाली काढून बसायला लागले. मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांना उमगलं."

"काय उमगलं?"

"त्याग..."

भन्तेंनी पत्र बाजूला ठेवलं.

"तू त्यायचा भन्ते, कुडकुडत बसलेला. भन्तेच्या समोर आपण पांघरून कसं बसावं गा? आपल्या लोकायले लाज वाटते. रायवंताबाईलेबी वाटली. सत्तरीची बाई. दहाही दिवस पहाटे पहिल्या ओळीत, नुसत्या लुगड्यावर. अकराव्या दिवशी दवाखान्यात नेली. न्यूमोनिया."

"मला कोणी सांगितलं नाही," उपसेन म्हणाला.

"तुले कोण सांगन?"

उपसेनने मान खाली घातली. त्याला लाज वाटली, आणि ती चेहऱ्यावर दिसतेय म्हणून स्वतःचा रागही आला.

"वाचली ती," भन्ते म्हणाले. "वीस दिवसांनी घरी आली."

उपसेन एकेक वस्तू उचलून झोळीत टाकू लागला.

"मग मी जात नाही, भन्तेजी. माझी लायकी नाही. दुसऱ्या कोणाला पाठवा."

"आता जाणंबी सोडून राहिला?"

उपसेनचा हात थांबला.

"बस खाली."

भन्ते उठले. कपाटातून एक मळकी पिशवी काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. आत टोपी होती, गेरूच्या रंगाच्या लोकरीची. एका कानाची पट्टी दुसरीपेक्षा बोटभर लांब. वर गोंडा, चांगला पेरूएवढा.

"तू लंकेले चालला हे रायवंताबाईच्या कानावर गेलं. खाटेवर बसून विणली. म्हणे, तिकडच्या डोंगरात भन्तेजीले थंडी लागन."

उपसेनने गोंड्याला बोट लावून पाहिलं. मग हळूच म्हणाला,

"भन्तेजी, हा गोंडा..."

"हाये."

"काढला तर चालेल?"

"तिले विचारून ये."

पत्रे तडतडत होते. भन्ते वाट बघत बसले. त्यांना कसलीही घाई नव्हती, आणि सही अजून झालेली नव्हती.

उपसेनने टोपी उचलली. दोन्ही हातांनी ताणून ती डोक्यात घातली, अगदी कानांवरून खाली ओढली, आणि ताठ बसला. कपाळावरून घामाचे ओघळ नाकावर आले. त्याने ते पुसले नाहीत.

भन्ते हसले नाहीत. त्यांनी पेन घेतलं आणि शिफारसपत्रावर सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी.

"तिथल्या महास्थविरांनी विचारलं, की ही कशाला आणलीत," उपसेन म्हणाला, "तर त्यांना काय सांगू?"

भन्तेंनी पत्राची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"सांगजो का... मले थंडी वाजते."