चपलेतला खडा

मरुभूमीच्या कडेला एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. वसंत आला की रोहिड्याची केशरी फुले पाहायला ते आपल्या शिष्याला घेऊन समोरच्या डोंगराच्या माथ्यावर जात. एका वर्षी गावातला एक व्यापारी त्यांच्याबरोबर निघाला. नुकताच मोठ्या आजारातून उठलेला, पण ताठा तसूभरही न उतरलेला. त्याची पत्नी दर वसंतात म्हणे, "एकदा माथ्यावरून ही फुले बघू या." त्याला दुकानातून कधी सवड झाली नाही. आता ती राहिली नव्हती. निदान तिच्यासाठी तरी ती फुले बघायची, एवढा एकच ध्यास त्याने घेतला होता.

चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात गुरुजी एका दगडावर बसले. "चपलेत खडा गेला," म्हणाले. चप्पल काढली, झटकली, पुन्हा घातली. पुढच्या वळणावर पुन्हा खडा. त्याच्या पुढच्या वळणावरही. शिष्य मनातून वैतागला. एरवी याच वाटेवर गुरुजींना गाठताना त्याची दमछाक होई. शिवाय चपलेतून खडा पडताना त्याला एकदाही दिसला नव्हता.

व्यापारी मात्र दर वेळी शेजारच्या दगडावर टेकत म्हणे, "बसा हो गुरुजी, घाई कसली? वय झालं की असं व्हायचंच." आणि घाम पुसत राही.

असे बसत-उठत तिघे माथ्यावर पोहोचले. खाली वाळूत जागोजाग रोहिडा फुलला होता. व्यापारी पुढे होऊन ती फुले बघत राहिला. मग उपरण्याने डोळे पुसत हलकेच म्हणाला, "आलो बघ मी. उशिरा का होईना, आलो."

उतरताना त्याला कंठ फुटला. वाटेत भेटलेल्या मेंढपाळाला तो सांगू लागला, "मी एकटा असतो तर केव्हाच वर गेलो असतो. पण गुरुजींना सांभाळून न्यायचं होतं ना."

शिष्याला राहवेना. तो बोलायला पुढे सरसावला, तोच गुरुजींनी त्याचा हात धरला.

व्यापारी पुढे गेल्यावर ते म्हणाले, "अरे, 'मी दमलो' एवढं म्हणणं त्याला डोंगरापेक्षा जड होतं. म्हणावं लागलं असतं, तर तो लाजेनं तिथूनच मागे फिरला असता आणि पुन्हा कधी आला नसता. मला बसायला काय लागतं? म्हाताऱ्याला कोणी हसत नाही. आधार द्यावा, पण घेणाऱ्याला तो टोचू नये, एवढं पथ्य पाळावं."

शिष्य गुरुजींच्या मागून चालू लागला. आणखी थोडे उतरल्यावर त्याच्या लक्षात आले, की गुरुजींचे गुडघे आता खरोखरच थरथरत आहेत, पण ते काही बोलत नाहीत. तो एका दगडावर बसला आणि चप्पल काढू लागला.

"गुरुजी, जरा थांबता का? चपलेत खडा गेलाय."

गुरुजी शेजारी टेकले. त्यांनी शिष्याची रिकामी चप्पल पाहिली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मोठा आहे का रे?"

"बराच मोठा आहे, गुरुजी. निघायला वेळ लागेल."