महाराज रुसले थडग्याच्या दारात

“आम्ही आत पाऊल टाकणार नाही!” आंबेखोऱ्याच्या तुळाजीराव महाराजांनी थडग्याच्या दारातच छत्री उघडली आणि खुर्ची मागवली. “हे कोणाचं घर आहे?”

“मिसरच्या जुन्या राजाचं, महाराज,” हमीदा म्हणाली.

“मग यजमान कुठं आहे? राजा राजाच्या घरी आला की यजमानानं सामोरं यायचं असतं. तो दारात येईल, तरच आम्ही आत जाऊ!”

आता बोला! ज्या माणसाला मरून तीन हजार वर्षं झाली, त्यानं म्हणे उठून दारात यायचं! सकाळी नाईलच्या त्या काठावरची देवळं महाराजांनी मुकाट्यानं पाहिली होती. देव सामोरा येत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पण राजाची गोष्ट निराळी. महाराज हट्टाला पेटले, की साऱ्या आंबेखोऱ्यात त्यांची समजूत घालणारं कोणी नव्हतं. राणीसाहेबांनी तर कधीच नाद सोडला होता.

पाहुण्यांना थडगी दाखवायचं काम हमीदाच्या बापाचं. तो तापानं फणफणला होता, म्हणून आज किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती आली होती. लक्सरच्या सुभेदारानं आदल्या दिवशीच दम भरला होता, “हिंदुस्थानचा राजा नाराज होऊन परतला, तर किल्ल्या दुसऱ्या घरी जातील!” आणि किल्ल्या गेल्या की चूल विझलीच म्हणायची. एक बरं होतं. बाप पूर्वी मुंबईच्या गोदीत कामाला असल्यामुळे हमीदा माझगावातच लहानाची मोठी झाली होती. मराठी ती अशी फडाफडा बोलायची, की महाराजांचे दिवाण विसाजीपंत पहिल्यांदा ऐकून दचकलेच होते.

“सरकार,” विसाजीपंत घाम पुसत म्हणाले, “तो बिचारा मेलेला आहे हो!”

“मेला म्हणून रीतभात सोडायची? आम्ही मेलो तरी पाहुण्याला सामोरे जाऊ!”

“जाल, सरकार. पण इतक्यात नको,” पंत पुटपुटले.

ऊन मी म्हणत होतं. गाढवंवाले कंटाळून सावलीला जाऊन बसले. महाराज मात्र खुर्चीत ताठ. लग्नात रुसून बसलेला जावई पाहिलाय ना? तस्से! फक्त मिशा जरा जास्त पिकलेल्या.

हमीदानं जुडगा कमरेला खोचला आणि ती महाराजांसमोर येऊन उभी राहिली.

“महाराज, एक विचारू? कैरोच्या अजबखान्यात काचेच्या पेटीत एक राजा निजलेला आहे. पाहिलात?”

“पाहिला. काळाठिक्कर, वाळून कोळ झालेला. त्याचं काय?”

“हे त्याचंच घर!”

महाराजांची छत्री जराशी कलली.

“आमच्या माझगावात लग्न असलं,” हमीदा म्हणाली, “की मुलीचा बाप वरातीला सामोरा जायचा. साधी सोयरीक असली तर गल्लीच्या तोंडापर्यंत. मोठं घराणं असलं तर पार स्टेशनापर्यंत! जेवढा पाहुणा मोठा, तेवढा यजमान लांब जातो. खरं ना?”

“खरं आहे,” महाराज म्हणाले. मानपानाची गोष्ट निघाली की त्यांना राहवायचं नाही.

“मग बघा! आगगाडीला इथून कैरो गाठायला अख्खी रात्र लागते. एवढ्या लांब हा राजा आपलं घरदार सोडून तुम्हाला सामोरा गेला! एवढा मान दुसऱ्या कुठल्या राजानं दिला होता तुम्हाला?”

विसाजीपंतांनी खोकल्याच्या आडून हसू गिळलं. महाराज मिशीला पीळ देत राहिले. हार मानतील तर ते तुळाजीराव कसले!

“सामोरा आला म्हणतेस, पण उठून उभा राहिला नाही तो!”

“वयाचा मान नको का, महाराज? तुमच्या घरी खापरपणजोबा असते, तर तुम्ही आलात म्हणून उठले असते?”

“हं. पण मग आमच्याबरोबर इथवर का नाही आला? पाहुण्याला घरापर्यंत आणायचं सोडून तिथंच का पडून राहिला?”

तेवढ्यात पंतांच्या तोंडून निसटलं, “सरकार, आपण त्याला पाहून नाकाला रुमाल लावला होता... आणि ‘चला, चला, पुरे’ म्हणालात.”

“पंत!”

“अगं बाई!” हमीदानं गालावर हात ठेवला. “तरीच! अहो महाराज, तो एवढ्या लांब सामोरा आला, आणि तुम्ही त्याला राम राम सुद्धा न करता पाठ फिरवलीत? मग रुसला की तो! मानपान काय एकट्या पाहुण्यालाच असतो? आता तिकडे तो रुसून पडलाय, इकडे तुम्ही रुसून बसलात. दोघांपैकी कोणीतरी आधी रुसवा सोडायला हवा. आणि महाराज, त्याला तर हलता येत नाही!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि असा गडगडाट झाला, की सावलीतली गाढवं कान टवकारून उभी राहिली. हसता हसता छत्री पडली, खुर्ची कलंडली, पंतांनी महाराजांना सावरलं आणि हमीदाच्या बापाचा ताप नि सुभेदाराचा दम हळूच त्यांच्या कानावर घातला.

“पोरी, जिंकलीस! पंत, सुभेदाराला आत्ताच्या आत्ता निरोप धाडा. म्हणावं, या किल्ल्या हिच्या घरातून हलल्या, तर आंबेखोऱ्याचा राजा पुन्हा येऊन याच दारात बसेल! आणि हिला भरजरी साडीचोळी, हिच्या बापाला आमचे हकीम.”

“आणि सरकार, कैरोच्या राजाला?” पंतांनी हळूच विचारलं.

“परत जाताना त्याला मोठा हार घालू. रुमाल खिशात ठेवून!” असं म्हणून महाराजांनी पागोटं नीट केलं, दारात जोडे काढले आणि रिकाम्या घरात खणखणीत हाक दिली, “येतो हो आम्ही आत!”